तिसऱ्या पानावरची सही

येसबोलचा डावा पाय रेल्वेच्या यार्डात गेला. डबे जोडायचं काम करायचा तो. जानेवारीतली सकाळ, उणे बत्तीस, पायाखाली काचेसारखा बर्फ. तो घसरला आणि डबा तीन हात मागे आला, एवढंच घडलं. गुडघ्याखाली वीतभर हाड उरलं होतं, तेवढं डॉक्टरांनी वाचवलं. चोवीस वर्षांचा होता तो तेव्हा.

चार महिन्यांनी त्याची आई, बातिमा आपा, त्याला माझ्याकडे घेऊन आली. कझाकस्तानातल्या कारागांदात कृत्रिम हातपाय करणारी आमची कार्यशाळा आहे, तिथे मी सव्वीस वर्षं काम करते. खाणीतली माणसं येतात, कारखान्यातली येतात, साखरेनं पाय गेलेल्या म्हाताऱ्या येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, चालता येईल ना? येसबोलनं काहीच विचारलं नाही. मी पायाच्या उरलेल्या खुंटावर ओलं प्लॅस्टर गुंडाळत होते आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. बोलत होती ती आई. पाय कसा धुवायचा, झोपताना काढायचा का, उन्हाळ्यात घामाचं काय, सगळं तिनंच विचारून घेतलं आणि निघताना माझ्या हातात सुकवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांची पिशवी ठेवली.

दीड वर्षानं तो एकटाच आला. खिशातून सायकलचं पेडल काढून त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं.

"आप्के, याला बसेल असा पाय करा." मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो मला आप्के म्हणायचा. "पाऊल नको. त्याला मी बूट थोडाच घालणार आहे."

मधल्या काळात तो विक्टर गेन्रिखोविचच्या हाती लागला होता. विक्टर म्हणजे आमच्या गावातल्या जुन्या जर्मन कुटुंबातला माणूस, तरुणपणी शर्यती मारलेला, पासष्टीतही काठीसारखा ताठ. अपंगांची सायकल शर्यत त्यानं इथे जवळजवळ एकट्यानं उभी केली. हिवाळ्यात एका शाळेच्या तळघरात फिरत्या लोखंडी रुळांवर सायकली ठेवून तो पोरांकडून तासन् तास पेडल मारून घ्यायचा, आणि महिन्यातून एकदा जुन्या व्हॅनमध्ये घालून त्यांना अस्तानाच्या लाकडी ट्रॅकवर न्यायचा.

तसा पाय मी कधी केला नव्हता. पहिला तुटला. दुसरा कातडीला चावला. तिसरा जमला. वर वाटी, जिच्यात खुंट बसतो, खाली दीड वीत काळी नळी आणि नळीच्या टोकाला पेडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा. संपलं. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी केलेल्या वस्तूंपैकी मला मनापासून आवडलेली ती एकच. बाकीचे पाय खऱ्यासारखे दिसावेत म्हणून करायचे असतात. हा कशासारखाच दिसत नव्हता आणि त्याची त्याला लाजही नव्हती. येसबोलचा तो पाय घातलेला फोटो मी कार्यशाळेच्या दारासमोर लावला. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची. आमच्या प्रमुखांना दाखवला, राजधानीहून आलेल्या साहेबांना दाखवला. माझी बहीण एकदा म्हणाली, पोटच्या पोराचं कौतुक करावं तसं करतेस. मी हसले, पण नाही म्हटलं नाही.

येसबोलची शर्यत पाठलागाची. दोघं स्वार ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी सुटतात, एकाच दिशेनं. तू त्याच्या मागे आणि तोही तुझ्या मागे. अडीचशे मीटरची एक फेरी, अशा सोळा. गाठलं तर शर्यत तिथेच संपते, नाही गाठलं तर घड्याळ सांगतं कोण जिंकलं. विक्टर पोरांना सांगायचा की समोरच्याला बघू नका, बघाल तर त्याच्या दमानं धावाल. मी रेषेजवळ उभा आहे, मला बघा. तुम्ही पुढे असाल तर मी रेषेच्या पुढे चालत जाईन, मागे असाल तर मागे. जितका मी पुढे किंवा मागे, तितके तुम्ही.

तीन वर्षांत येसबोल देशात दुसरा आला. पहिला शिम्केंतचा अब्झाल. छत्तीस वर्षांचा, त्याचाही पाय गुडघ्याखाली गेलेला, दोनदा आशियाई स्पर्धेला जाऊन आलेला. त्या मार्चमध्ये पुढच्या आशियाई स्पर्धेसाठी निवड होती आणि त्यांच्या गटात जागा एकच.

निवडीला तीन आठवडे होते तेव्हा येसबोल माझ्याकडे आला. वाटी थोडी टोचतेय म्हणाला. त्यानं पाय काढला, खुंटावरचा सिलिकॉनचा मोजा उलटा करत खाली ओढला आणि मोजा निघायच्या आधीच मला वास आला. हा वास मला ओळखता येतो. गोडसर असतो.

खुंटाच्या टोकाला, हाडाच्या बरोबर वर, मोठ्या नाण्याएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये ओलं.

"किती दिवस झाले?"

"चार-पाच."

"खरं सांग."

"दोन आठवडे."

मी त्याला सांगितलं ते कुठल्याही शिकाऊ कारागिराला तोंडपाठ असतं. सहा आठवडे पाय चढवायचा नाही, सायकलचाही नाही आणि चालायचाही नाही. कुबड्या घ्यायच्या आणि आजच्या आज डॉक्टरकडे जायचं. तो ऐकत होता. मग त्यानं जाकिटातून चार घड्या घातलेला कागद काढला. निवड समितीचा अर्ज. तिसऱ्या पानावर कृत्रिम पायाबद्दल आणि खुंटाच्या कातडीबद्दल पाय करणाऱ्यानं लिहून द्यायचं होतं. बाकीची पानं भरलेली होती. डॉक्टरची सही महिन्यापूर्वीची, तेव्हा कातडी चांगली होती.

"नाही," मी म्हटलं.

"आप्के, पाच वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय?"

"पेडलचा पाय मागितलास."

"तो तुम्हालाही हवा होता."

ते खरं होतं.

मग तो हळूहळू बोलत राहिला. आई यार्डाच्या कँटीनमध्ये अजून भांडी घासते. यार्डात त्याला दयेनं फाटकाजवळची खुर्ची दिली आहे, लोक जाता येता खांद्यावर थोपटतात. ट्रॅकवर कुणी थोपटत नाही. अब्झाल पुढच्या वर्षी थांबणार, मग जागा सोपी होईल, पण सोपी जागा त्याला नको होती, अब्झाल असतानाच हवी होती. तीन आठवडे, एक दिवस, सोळा फेऱ्या. त्यानंतर सहा काय, बारा आठवडे खाटेवर पडेन म्हणाला. रडला नाही, हात जोडले नाहीत. तसं काही केलं असतं तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

मी लिहिलं, त्वचा निरोगी, वाटी योग्य. खाली सही केली, कामशात अमुक तमुक, वरिष्ठ कारागीर, तारीख.

मनाची समजूत काढायला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती. मी नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडून करून घेईल. तो सज्ञान आहे. निदान माझ्या नजरेखाली तरी राहील. मी वाटी आतून खरवडून जखमेच्या जागी पोकळी केली, मलमपट्ट्या दिल्या, डॉक्टरकडे जायचं वचन घेतलं. तो डॉक्टरकडे गेला नाही, आणि जाणार नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं. पण ही सगळी कारणं नंतरची. सही करताना माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं, मी केलेला तो काळा पाय परदेशातल्या ट्रॅकवर फिरतोय.

नऊ दिवस उरले असताना तो पुन्हा आला. जखमेच्या मध्यभागी काळं पडलं होतं. भोवतालची कातडी हाताला गरम लागत होती. मी म्हटलं, आता मात्र मी विक्टरला सांगणार. तो म्हणाला, सांगा, मग सहीबद्दलही सांगा. धमकी नव्हती ती. तो फक्त मला आठवण करून देत होता की आता आम्ही दोघं एकाच सायकलवर आहोत.

संध्याकाळी विक्टरचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, बर्फ केव्हा वितळणार, व्हॅनच्या गिअरचं काय झालं. मग म्हणाला, "पोराचा पाय कसा आहे?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

मग तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

निवडीच्या दिवशी मी आणि बातिमा आपा सकाळच्या गाडीनं अस्तानाला गेलो. तिनं डब्यात बाउरसाक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता. वाटभर ती बोलत होती. पोराचा बाप गेल्यावर पोर हसायचं विसरलं होतं, पाय गेल्यावर तर बोलायचंही. आता सायकलवरून आला की आरडाओरडा करत जेवायला मागतो. "हे तुझे उपकार, कामशात," ती म्हणाली. "तू त्याला पाय दिलास." मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सपाट पांढरं माळरान आणि मधूनमधून विजेचे खांब.

सकाळी पात्रता फेरी झाली. अब्झालची वेळ सगळ्यात चांगली, येसबोलची दुसरी. अंतिम सामना दुपारी दोघांत. मधल्या वेळात मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. येसबोल बाकावर अंगाभोवती दोन जाकिटं गुंडाळून बसला होता. दात वाजत होते. गाल लाल, डोळे चकचकीत. मी कपाळाला हात लावला. चांगलाच तापला होता.

"मोजा काढ," मी म्हटलं.

"काढला तर परत चढणार नाही."

"येसबोल, मी आत्ता बाहेर जाऊन पंचांना सांगते."

"अर्धा तास," तो म्हणाला. "आप्के, अर्धा तास. मग तुम्ही म्हणाल ते."

दार चार पावलांवर होतं. बाहेर पंचांचं टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या, कागद, हिरव्या जाकिटातली एक बाई. मी बाहेर आले, त्या बाईच्या समोरून गेले आणि बातिमा आपाच्या शेजारी जाऊन बसले. तिनं मला बाउरसाक दिला. मी खाल्ला.

बंदुकीचा बार झाला. दोघं सुटले. पहिल्या चार फेऱ्या येसबोल मागे होता. विक्टर रेषेपासून मागे मागे सरकत होता, एक पाऊल, दोन, तीन. आठव्या फेरीला तो पाच पावलं मागे होता. माझ्या मनात आलं, हरतोय, बरं झालं. हरला की संपेल, पाय काढता येईल. हे मी देवाशपथ सांगते, मी त्याच्या हरण्यासाठी प्रार्थना करत होते. आणि त्याच वेळी माझे डोळे त्या काळ्या नळीवरून हलत नव्हते. ती सरळ वर खाली जात होती, जराही न डगमगता. चांगलं काम होतं.

नवव्या फेरीपासून विक्टर पुढे सरकायला लागला. तो बोलत नव्हता, ओरडत नव्हता, नुसता चालत होता. बाराव्या फेरीला रेषेवर आला. बातिमा आपानं माझं मनगट धरलं. तेराव्याला विक्टर रेषेच्या पुढे एक पाऊल. येसबोलचं तोंड उघडं होतं आणि हनुवटीवरून लाळ मागे उडत होती. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा दोघं ट्रॅकच्या दोन टोकांना जवळजवळ बरोबरीत होते, आणि मग एक आपल्या रेषेवर पोचला आणि डोळा लवतो न लवतो तोच दुसरा. फलकावर आकडे आले. चार मिनिटं एकावन्न सेकंद. येसबोल तीन दशांश सेकंदानं पुढे होता.

बातिमा आपा खाली बसून रडत होती. मी ट्रॅककडे पळाले. थांबवायला त्या सायकलींना ब्रेक नसतात, हळूहळू फेऱ्या मारत थांबावं लागतं. येसबोल एक फेरी फिरला, दोन फिरला, तिसऱ्या फेरीला वळणावर सायकल सावकाश खाली घसरत आली आणि आतल्या निळ्या पट्ट्यावर आडवी झाली. पाय पेडलमध्ये अडकलेलाच. सगळ्यांत आधी अब्झाल पोचला. स्वतःची सायकल टाकून एका पायावर उड्या मारत पोचला. त्यानं येसबोलचा पाय पेडलमधून सोडवला, वाटी ओढून काढली, आणि वाटीतून जे बाहेर आलं ते बघून त्यानं मान वर केली. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो वास आला.

विष रक्तात भिनलं होतं. गुडघ्याच्या सांध्यातही शिरलं होतं. दोन दिवस डॉक्टर गुडघा वाचवायचा प्रयत्न करत होते, तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला संमतीचा कागद दिला. पाय मांडीच्या मध्यावरून कापला. नंतर पाच दिवस तो शुद्धीवर येत होता आणि जात होता.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर विक्टर माझ्या शेजारी बसला होता. "तुला माहीत होतं," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"हो."

त्यानं टोपी हातात फिरवली. "येताना व्हॅनमध्ये मला वास आला होता. सव्वादोनशे किलोमीटर. मी खिडकी उघडली."

त्याबद्दल आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही, तेव्हाही आणि पुढेही.

निवड समितीनं चौकशी केली. येसबोल उठून बसायला लागल्यावर दोन माणसं त्याच्याकडे आली, तिसरं पान दाखवलं. तो म्हणाला, जखम शेवटच्या चार दिवसांत झाली, कामशात आप्केला काही ठाऊक नव्हतं, मी कुणाला दाखवली नाही. डॉक्टरांनी मान हलवली, चार दिवसांत एवढं होत नाही, पण त्यांनी ते लिहिलं नाही. प्रकरण मिटलं. आमच्या प्रमुखांनी मला बोलावून सांगितलं की काळजी करू नको, तुझ्यावर काही येत नाही.

जागा अब्झालला मिळाली. तो शिम्केंतहून जर्दाळू आणि अक्रोडांची पिशवी घेऊन इस्पितळात आला. मी तिथे होते. बराच वेळ तो खुर्चीत अवघडून बसला, मग म्हणाला, "जागा तुझी आहे. मी नुसता बसतोय तिच्यावर."

"बस की, म्हाताऱ्या," येसबोल म्हणाला. आवाज खरवडल्यासारखा झाला होता. "तीन दशांशानं हरलेला माणूस तू. बसायला खुर्ची लागणारच."

अब्झाल हसला. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो पाणी आणतो म्हणून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता. मी कोण ते त्याला ठाऊक होतं. त्यानं मला दोष दिला नाही, स्वतःचीच हकिगत सांगितली. सहा वर्षांपूर्वी त्याच्याही खुंटाला अशीच जखम झाली होती, स्पर्धा महिन्यावर. त्याचा पाय करणारा म्हातारा शिम्केंतमधलाच. त्यानं जखम बघितली, पाय हातात घेतला, कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. "मी त्याला आईवरून शिव्या दिल्या," अब्झाल म्हणाला. "खुर्ची फेकली. एक वर्ष त्याच्या दुकानावरून जाताना थुंकायचो." त्यानं आपल्या पायाच्या नळीवर टिचकी मारली. "अजून त्यानंच केलेल्या पायावर चालतो मी."

एप्रिलच्या अखेरीस येसबोल घरी आला. बातिमा आपानं मला चहाला बोलावलं. तिला वाटत होतं की ट्रॅकवर मी आधी पळाले, गाडी बोलवायला ओरडले, म्हणून पोरगा जगला. इस्पितळातल्या सगळ्या नर्सना तिनं तसं सांगून ठेवलं होतं. टेबलावर लोणी, मध, घोड्याच्या मांसाचे काप, घरात होतं नव्हतं ते सगळं मांडलेलं. येसबोल आतल्या खोलीत झोपला होता. तिनं माझ्यासाठी उंटाच्या लोकरीची शाल बांधून ठेवली होती आणि ती माझ्या मांडीवर ठेवली, तेव्हा मला ती शाल सोसवेना.

मी सगळं सांगितलं. तीन आठवडे आधीची जखम, सही, नऊ दिवस आधीचं काळं, विक्टरचा फोन, कपडे बदलायच्या खोलीतला ताप. पंचांच्या टेबलासमोरून मी आले आणि तिच्या हातचा बाउरसाक खाल्ला, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. मी संपवल्यावर तिनं माझा प्याला उचलला, दूध घातलं, चहा ओतला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच प्याला देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बसून राहील. बातिमा आपानं प्याला काठोकाठ भरला. बशीत सांडेपर्यंत भरला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी उठले. शाल खुर्चीवर ठेवली. तिनं ती परत माझ्या हातात दिली नाही.

जुलैमध्ये येसबोल कुबड्यांवर कार्यशाळेत आला. फार वाळला होता. मला वाटलं, नव्या पायाचं माप द्यायला आला असेल. गुडघ्यासकटचा पाय करायला वेळ लागतो, मी काही सुटे भाग मागवूनही ठेवले होते. तो बसला नाही.

"मी अस्तानात करून घेणार आहे," तो म्हणाला. "तेवढं सांगायला आलो."

मी म्हटलं की बरोबर आहे. मग मी म्हटलं की समितीला तू जे सांगितलंस त्याबद्दल...

"ते तुमच्यासाठी नाही केलं. आईला कळू नये म्हणून केलं. तर तुम्ही जाऊन तिलाच सांगितलंत." तो कुबडीवर थोडा सरकला. त्याचा राग मोठ्या आवाजाचा नव्हता. "आता ती रोज मला विचारते, तूच मागितलंस का. हो म्हणतो. मग म्हणते, तिनं का दिलं. याचं मी काय सांगू?"

मी टेबलावरची मोजपट्टी गुंडाळायला लागले.

"मी तर मागणारच होतो, आप्के. चोवीस तास मागत होतो, सगळ्यांकडे, देवाकडे. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि ते तुम्हाला दिसत होतं. नाही म्हणायचं काम तुमचं होतं."

जाताना दारासमोर तो क्षणभर थांबला. फोटो मी मार्चमध्येच काढला होता, भिंतीवर नुसता चौकोन उरला होता. तो चौकोनाकडे बघून पुढे गेला.

बाकीचं मी विक्टरकडून ऐकलं. मांडीवरून पाय गेलेल्यांचा गट वेगळा. त्यांना शर्यत तीन किलोमीटरची, बारा फेऱ्या, आणि त्या गटातले बरेच जण कृत्रिम पाय लावतच नाहीत, एकाच पायानं पेडल मारतात. खुंटासाठी सीटजवळ एक छोटी वाटी बसवतात, तेवढंच. म्हणजे सायकलसाठी आता त्याला माझ्यासारख्या कुणाची गरज नव्हती. समितीतल्या एकानं म्हणे विक्टरला सांगितलं की या गटात आपल्या देशात कुणीच नाही, याला जागा सहज मिळेल. चांगल्या मनानं सांगितलं असेल.

ऑक्टोबरमध्ये येसबोल एकदा ट्रॅकवर उतरला. पाठलागाची शर्यत, पण समोर कुणी नव्हतं. पलीकडच्या बाजूची रेषा रिकामी, सुरुवात करून देणारं यंत्र तिथे एकटंच उभं. बंदुकीचा बार झाला आणि तो बारा फेऱ्या फिरला. विक्टर म्हणाला, मला कुठल्या बाजूला चालावं कळेना, मी रेषेवरच उभा राहिलो. वेळ वाईट नव्हती. उतरल्यावर येसबोलनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि सायकल व्हॅनमध्ये ठेवली. पुढच्या महिन्यात तळघरात तो आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. यार्डातल्या फाटकाजवळच्या खुर्चीवर मात्र रोज जातो असं कळलं.

या वसंतात मी त्याला बाजारात बघितलं. दुधाच्या टाक्यांच्या रांगेतून तो नव्या पायावर चालत होता, हातात कांद्याची पिशवी. गुडघा चांगला होता, महागातला. पण पाऊल टाकताना तो कंबर किंचित उचलत होता, डावीकडे, अर्ध्या बोटाएवढी. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. वाटी सैल होती. अशी सैल राहिली की आत घासते.

मी रांग ओलांडून त्याच्यासमोर गेले.

"वाटी सैल आहे," मी म्हटलं. "आतल्या बाजूनं, वरती. आठवडाभरात साल निघेल. पाय काढून ठेव आणि त्यांना फोन कर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सांगेन त्यांना," तो म्हणाला, आणि माझ्या बाजूनं वळसा घालून गेला. आप्के म्हणाला नाही. मी तिथेच उभी राहून तो टाक्यांच्या टोकापर्यंत जाईपर्यंत त्याची कंबर बघत होते. तो थांबला नाही, पाय काढायला तर नाहीच. दूधवालीनं मला दोनदा विचारलं की किती लिटर.